मारबतीची सुई

आमच्या घरात कुत्र्याच्या सुईचा दिवस ठरलेला होता. मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. बांबू-कागदाच्या त्या अवाढव्य बाईला लोक वाजतगाजत नेतात, शेवटी जाळतात, आणि जाता जाता तिच्या गळ्यात वर्षभराची पीडा टाकतात. रोगराई घेऊन जा गे मारबत, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत. अलीकडे महागाई आणि रस्त्यावरचे खड्डेसुद्धा तिलाच न्यायला सांगतात, ती एकटी बाई किती नेणार देव जाणे. तर त्या दिवशी सकाळी माझी बायको आमच्या कुत्र्याला ऑटोत घालून डॉक्टरकडे न्यायची आणि रेबीजची सुई टोचून आणायची. मी ड्युटीवरून परत आलो की एवढंच सांगायची, झालं त्याचं.

कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते तिनं ठेवलेलं होतं. तिनं हाक मारली की तो मान वाकडी करून पाहायचा, माझ्या हाकेला नुसतीच शेपटी हलवतो, तीही उपकार केल्यासारखी.

तो आला तोही मारबतीच्याच दिवशी. बायकोचं माहेर गांधीबागेतलं. तिचे वडील कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाणं उलगडायचे. मारबत पाहायला ती दरवर्षी माहेरी जायची, लेकराची आई झाली तरी, सासू झाली तरी. त्या वर्षी गेली तेव्हा दुकानामागे कापडाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला एका कुत्रीची पिल्लं तीन महिन्यांची झाली होती. त्यातलं एक पिशवीत घालून ती निघाली ती घरी न येता थेट जनावरांच्या डॉक्टरकडे. आमच्या दारात ते पिल्लू पोचलं तेव्हा त्याची पहिली सुई होऊन गेली होती, हातात एक छोटं पुस्तक होतं, आणि त्या पुस्तकात लशीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवून खाली तारीख घातलेली होती. मला विचारलं नाही म्हणून मी दोन दिवस तोंड फुगवून बसलो. तिसऱ्या दिवशी पिल्लू माझ्या चपलेत झोपलेलं सापडलं आणि विषय संपला.

तिची ही घाई कुठून आली होती ते मला माहीत होतं. माझ्याकडूनच आली होती.

मी कुहीकडचा. आमच्या गावात मी सहा-सात वर्षांचा असताना माझ्या चुलत बहिणीला धानाच्या बांधीवर कुत्रा चावला. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पोटरीला दात लागले होते. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं, आणि मग कोणीतरी जाणत्यानं सांगितलं म्हणून तिला सात विहिरी दाखवायला नेलं. सात विहिरींत डोकावून पाहिलं की कुत्र्याचं विष उतरतं, असं तेव्हा मानत. मीही सोबत गेलो. प्रत्येक विहिरीच्या काठावर ती ओणवी व्हायची आणि तिच्या शेजारी मीही. सहाव्या विहिरीत एक गलेलठ्ठ बेडूक बसला होता, त्याला पाहून आम्ही दोघं इतके हसलो की काकूनं पाठीत धपाटे घातले. जखम भरली. ती पुन्हा शाळेत जायला लागली. धान कापणीला आलं तेव्हा एके दिवशी तिला पाण्याचा लोटा दिला आणि ती भिंतीला पाठ घासत कोपऱ्यात सरकली. त्यापुढचं मी लिहीत नाही. पुढच्या पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर टाकायला गेलो, तेव्हा काकू ओरडत होती ते मला आजही ऐकू येतं. कुत्र्याचा रोग घेऊन जा गे मारबत. मुलगी गेल्यावर ओरडत होती.

हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला सांगितलं होतं.  कुत्रा घरात आला त्याच आठवड्यात तिनं मागच्या अंगणातल्या नळाला जाळीच्या पिशवीत एक साबण टांगला. कुणी विचारलं तर सांगायची, हा आंघोळीचा नाही, हा दाताचा आहे. कुत्र्याचा दात लागला, नख लागलं, की आधी नळ सोडायचा, साबण लावायचा आणि घड्याळात पंधरा मिनिटं होईपर्यंत धूत राहायचं, मगच दवाखाना. तिखट नाही, हळद नाही, चुना नाही. साबण वापरात न येताच उन्हानं भेगाळायचा, मग ती नवा टांगायची.

आणि सुईचा दिवस मारबतीचा. मी म्हटलं होतं की तारीख पुस्तकात लिहिलेली असते, त्यात मारबत कशाला. तर म्हणाली, "तारीख इसरते माणूस. मारबत नाही इसरत."

मला ते फार आवडलं. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात देखभालीच्या कामावर होतो. कोणत्या पंपाचं तेल कधी बदलायचं, कोणता पट्टा कधी उतरवायचा, हे पाहणं माझंच काम. तीस वर्षं तारखांची राखण केली. पण तारखेला सण बांधायचं काही आम्हाला सुचलं नाही. कँटीनमध्ये मी सगळ्यांना सांगायचो की आमच्याकडे कुत्र्यालाही पोळा असतो. बैलाचे खांदे तुपाहळदीनं चोळून खांदेमळणी होते, आमच्या कुत्र्याला सुई टोचतात. मारबत जवळ आली की सहकारी विचारायचे, काय गा, कुत्र्याचा पोळा कवा? आणि मी सांगताना उगाच खुलायचो. सण तिचा होता, मिरवायचो मी.

मी रिटायर झालो आणि आम्ही शहरात घर घेतलं, त्यानंतर दोन हिवाळेही ती काढू शकली नाही. आजार कोणता, किती दिवस, ते सांगण्यात अर्थ नाही. गेली. त्यानंतर मी एकच केलं, ती जे जसं करायची ते तसंच करत राहिलो. चहात आलं ठेचून, किसून नाही. तुळशीला पाणी उभं राहून, वाकून नाही. नळाला नवा साबण. चार वाजता ती फाटकाशी उभी राहायची म्हणून कुत्रा चारला फाटकाशी जाऊन बसायचा, आणि त्याला एकट्याला बसवत नाही म्हणून मीही खुर्ची घेऊन तिथे. येणाराजाणारा विचारायचा, कोणाची वाट पाहून राहिले? मी म्हणायचो, कोणाची नाही. कुत्रा तेवढं खोटं बोलत नव्हता.

पहिल्या मारबतीला मी त्याला सुईला नेलं. पहाटे उठलो, तिच्यासारखाच त्याच्या कपाळाला गुलाल लावला, ऑटो बोलावला. खरं सांगतो, त्या सकाळी ऑटोत ती आमच्यासोबत होती असं मला वाटलं. दिसली नाही, काही नाही. पण कुत्रा पायाशी होता, मी एका बाजूला अंग चोरून बसलो होतो आणि मधली जागा भरलेली होती. डॉक्टरांनी पुस्तक पाहून म्हटलं की आठवडाभर उशीर झालाय, पुढच्या वेळी तारीख पाळा. मी हसून मान हलवली. त्यांना काय माहीत आमच्याकडची रीत.

दुसऱ्या वर्षी अधिक श्रावण आला.

इथे थोडं गणित सांगावं लागेल, कारण सगळं त्यातच आहे. एरवी आपले सण इंग्रजी तारखेनं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. म्हणजे मारबतीला सुई द्यायची ठरवलं तर वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच मारबत येते, बिघडत काही नाही. पण अधिक महिना पडला की तीच मारबत तीन आठवडे पुढे जाते. त्या वर्षी पुस्तकातली तारीख ऑगस्टच्या शेवटाची होती आणि पोळा सप्टेंबरच्या मध्यावर. तारीख मला दिसली होती. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. विसरलो नव्हतो. ज्यानं तीस वर्षं पंपांची तारीख एक दिवस पुढे जाऊ दिली नाही, तो ती तारीख वाचून पुस्तक परत डब्यात ठेवून मोकळा झाला. कारण ऑगस्टच्या कुठल्यातरी मंगळवारी नुसतं उठून डॉक्टरकडे गेलो तर ती येणार नाही, मारबतीलाच येईल, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. वेडेपणाच, पण एकट्या माणसाचा वेडेपणा पाहायला घरात कोण असतं?

तारीख उलटून चार-पाच दिवस झाले असतील. दुपारी फाटक उघडं राहिलं आणि कुठलासा परका कुत्रा आत शिरला. भांडण झालं, मी काठी आपटली, तो पळाला. पुन्हा तो आमच्या गल्लीत दिसला नाही. आमच्या कुत्र्याचा कान फाटला होता. आणि मी, सात विहिरी पाहून आलेला माणूस, त्याच्या कानाला हळद लावली. माणसाला लावायची नाही हे पाठ होतं, कुत्र्याचं कोणी सांगितलं नव्हतं. तसाच उचलून डॉक्टरकडे न्यायचा, तर म्हटलं, आता दोन आठवड्यांवर मारबत आली, तेव्हा कानही दाखवून टाकू.

मुलगी बँकेत नोकरी करते, नातीला शाळेतून मी आणायचो आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे असायची. तेव्हा ती सात वर्षांची होती. तान्ह्या पोळ्याची, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याची, तयारी चालली होती, तिच्या लाकडी नंदीला आम्ही झूल शिवली होती, आणि उरलेल्या कापडाची तिनं कुत्र्यासाठी माळ केली. ती त्याच्या गळ्यात घालताना तिचा हात दुखऱ्या कानावर पडला. तो गुरगुरलासुद्धा नाही. एकदम वळला आणि तिच्या मनगटाला दात लागले. दोन बारीक भोकं, त्यातून रक्त. चावल्यावर तो स्वतःच घाबरून पलंगाखाली शिरला.

मी तिला उचलून नळावर नेलं. साबण पिशवीतून काढला आणि नळ सोडला. ती रडत होती, पाणी सुरू होतं आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे मी आधी कधी मोजलं नव्हतं. मुलीला फोन केला, तिला कुठे यायचं ते सांगितलं आणि नातीला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथली डॉक्टर तरुण होती, बोलण्यावरून पुण्याकडची वाटली. जखम पाहून म्हणाली, लगेच धुतलंत हे फार बरं केलंत. मग विचारलं, कुत्रा घरचा आहे का, त्याला लस दिली आहे का. दरवर्षी देतो, मी ताठ मानेनं सांगितलं. शेवटची कधी? मी म्हटलं, मारबतीला. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, ते काय असतं, मला तारीख सांगा. मी तारीख सांगितली. तिनं मनातल्या मनात महिने मोजले. माझ्या शेजारी मुलगी येऊन उभी राहिली होती हे मला तेव्हा कळलं.

"म्हणजे साल उलटून गेलं बाबा," ती म्हणाली. "पुस्तकात तारीख लिहून होती. मंग काहून नाही नेलं?"

"मारबतीची वाट पाहून राहिलो होतो."

तिनं पोरीचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

नातीच्या जखमेभोवती सुया टोचल्या, दंडावर एक टोचली, आणि पुढच्या सुया कोणकोणत्या दिवशी ते कागदावर लिहून दिलं. फाटलेल्या कानाला मी भेगाळल्या हातांनी हळद लावली होती, त्यानंही माझे हात चाटले होते, म्हणून मलाही तेवढ्याच सुया घ्यायला लावल्या. डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. वेळेत आलात, सगळ्या सुया पूर्ण करा, लेकराला काही होणार नाही. कुत्र्याला बांधून ठेवा, वेगळं ठेवा, दहा दिवस पाहा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असं समजायचं. जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, शिवाय हेही, की हे दहा दिवस त्याला सुई द्यायची नाही. मी दिवस मोजले. दहावा दिवस मारबतीचा येत होता.

मुलीनं नातीला माझ्याकडे पाठवणं बंद केलं. जाताना एवढंच म्हणाली की कुत्र्याचं काय होते ते मला रोज कळवा. मी रोज सकाळ-संध्याकाळ कळवायचो. खाल्लं. पाणी प्यायला. उठून उभा राहिला. ती उत्तरात अंगठा पाठवायची.

मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला त्याला साखळीनं बांधलं. भांडं काठीनं पुढे सरकवायचं, जवळ जायचं नाही. मी चार हातांवर खुर्ची टाकून बसायचो. चार वाजले की तो उठून फाटकाच्या दिशेनं साखळी ताणायचा. मग माझ्याकडे पाहायचा, की चल ना. मी म्हणायचो, नाही गा बाबू, आज नाही. ती येणार नाही हे त्याला दीड वर्षात समजलं नव्हतं, आता फाटकाशी का जायचं नाही हे कसं समजणार?

चौथ्या दिवशी त्यानं भाकरी सोडली. पाचव्या दिवशी पाण्याचं भांडं पुढे सरकवलं तर तो तोंड फिरवून झाडामागे गेला.  मला भिंतीला पाठ घासणारी माझी बहीण दिसली. त्या सकाळी मी मुलीला खरं काही कळवलं नाही, आधी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते हातमोजे घालून आले, बराच वेळ लांबूनच पाहत राहिले, मग तोंडाला मुसकं बांधून कान तपासला. कानात पू झाला होता. जबडा उघडला की कळ येत असेल, म्हणाले. ताप आहे, औषध देऊ. पण आज मी छातीवर हात ठेवून काहीच सांगू शकत नाही, दोन दिवस पाहू. हळद कोणी लावली हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं.

त्या दोन दिवसांत मी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. शेवटचं पान सोडून मी कधी मागचं उलटलंच नव्हतं. आता वेळ जाईना म्हणून एकेक पान मागे गेलो. प्रत्येक वर्षाचं एक लेबल, खाली डॉक्टरांची सही आणि तारीख. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑगस्ट. मारबतीच असणार त्या. पण एका वर्षावर मी अडखळलो. ते वर्ष मला पक्कं आठवत होतं, कारण अधिक महिना होता आणि बायकोच्या माहेरून मला जावयाचं वाण म्हणून तेहतीस अनारसे आले होते, त्यातले वीस मी एकट्यानं संपवले होते. त्या वर्षी पोळा चांगला सप्टेंबरात होता. पुस्तकात तारीख ऑगस्टची होती.

जुनी कॅलेंडरं बायको फळ्यांवर अंथरायची. स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले आणि फळीवरचे कागद ओढून पाहिले. ते वर्ष सापडलं. पोळा सप्टेंबरातच होता. ऑगस्टच्या पानावर सुईच्या दिवशी तिच्या अक्षरात बारीकसं लिहिलं होतं, 'याची सुई'. नाव नाही. तिला गरज नव्हती.

मग मी तिचं शेवटचं वर्ष पाहिलं. त्या वर्षीही मारबत लांबली होती. पुस्तकात तारीख ऑगस्टची होती, मारबतीच्या तीन आठवडे आधीची, म्हणूनच पुढच्या मारबतीला डॉक्टर उशीर झाला म्हणाले होते. आणि तो दिवस मला आठवला. तेव्हा तिला दोन पायऱ्या चढल्या की बसावं लागायचं. सकाळी म्हणाली, गांधीबागेत जाऊन येते, आणि कुत्र्याला सोबत घेतलं. मी चिडलो होतो. तब्येत पाहा, माहेर कुठे पळून चाललंय का, आणि त्या कुत्र्याला कशाला हिंडवतेस, असं बरंच बोललो होतो.  तिनं पदर खोचला आणि निघाली. दुपारी आली ती दोन तास पडून राहिली आणि मी रागारागानं स्वतःच चहा करून घेतला, तिला विचारलंसुद्धा नाही. पुढे मारबतीच्या दिवशी ती कुत्र्याला घेऊन फाटकाशी उभी राहिली, गल्लीतल्या पोरांसोबत ओरडली, आणि मला म्हणाली, झालं त्याचं. मी समजलो, सकाळी मी झोपेत असताना नेलं असेल.

मी काय सांभाळलं होतं दीड वर्ष? आल्याचा चहा आणि मारबत. काकू सात विहिरींवर विसंबली म्हणून आयुष्यभर तिला मनात दोष देत आलो, आणि माझी आठवी विहीर मी स्वतःच खणून ठेवली होती. पेरूच्या झाडासमोर बसून मी रडलो. कुत्रा साखळीच्या टोकापर्यंत येऊन बसला.

सातव्या दिवशी तो पाणी प्यायला. भांडं पुढे सरकवलं तर उठून आला आणि खाली तळ दिसेपर्यंत चाटत राहिला. मी तो आवाज उभा राहून ऐकला, मग मुलीला फोन केला आणि गेल्या तीन दिवसांचं सगळं खरं सांगितलं. तिनं आधी औषधाचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, आजपासून मी पण येत जाईन.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. त्याला उभं केलं, चालवलं, डोळे पाहिले. लेकराची काळजी आता सोडा, म्हणाले, फक्त तिच्या सुया अर्ध्यावर सोडू नका. मग त्याला सुई दिली आणि पुस्तकात लेबल चिकटवलं. पण कान कोणी फाडला ते कळलेलं नाही, म्हणून याला अजून काही महिने असाच बांधून, वेगळा ठेवा, असंही बजावलं. मुलगी तिथेच उभी होती. दूर कुठेतरी गल्लीतली पोरं छोटी मारबत घेऊन निघाली होती, डबे वाजत होते.

डॉक्टर गेल्यावर मी तिला पुस्तक उघडून दाखवलं. ही दोन वर्षं पाहा, म्हटलं, तुझी आई मारबतीला थांबली नव्हती. मले कधी सांगितलं नाही तिनं.

तिनं पान पाहिलंसुद्धा नाही.

"मले माहीत आहे बाबा. मीच नेलं होतं तिले, दोन्ही वेळा. आई म्हणे, तुह्या बाबाले सांगू नको. त्यायले मारबतीची लय हौस आहे, राहू दे त्यायची." मग तिनं पुस्तक मिटलं. "मले वाटलं, आता तुम्ही पुस्तक पाहतच असाल. मीच सांगाले पाहिजे होतं."

माझी हौस. कँटीनमध्ये मिरवायची, त्या हौसेसाठी ती दोन पायऱ्या चढल्यावर बसणारी बाई लेकीसोबत गुपचूप गेली होती आणि माझी बोलणी खाऊन आली होती. तिनं मारबतही माझ्यासाठी राखली आणि तारीखही राखली. मी तिच्यासाठी काय राखलं, ते झाडाला बांधलेलं होतं.

नातीच्या सुया पूर्ण झाल्या. मनगटावर दोन फिकट ठिपके राहिलेत, ते ती मैत्रिणींना ऐटीत दाखवते. कुत्र्याला ते महिने झाडाखाली काढावे लागले, त्याला काही झालं नाही. आता तो म्हातारा झालाय, ऐकू कमी येतं, पण चार वाजता फाटकाशी जाऊन बसतो. नळाला साबण टांगलेला आहे आणि तो कशाचा आहे हे आता नात शेजाऱ्यांना समजावते.

यंदा पुन्हा अधिक महिना आला. पुस्तकातली तारीख ऑगस्टची, मारबत तीन आठवडे पुढे. या वेळी मी कॅलेंडरवर त्या तारखेला लिहून ठेवलं होतं, 'याची सुई'. तारखेच्या दिवशी सकाळी मुलगी आणि नात आल्या. मी त्याच्या कपाळाला गुलाल लावला नाही, तो मारबतीला लावीन. नुसता एक साधा बुधवार होता, रस्त्यावर ना डबे वाजत होते ना कोणी ओरडत होतं. मुलगी पुढे चालकाशेजारी बसली. मागे नात, तिच्या पायाशी कुत्रा, आणि मी.

ऑटो निघाल्यावर थोड्या वेळानं नातीनं माझी बाही ओढली.

"आबाजी, एवढे काहून सरकून बसले? जागा तर लय आहे."

मी म्हटलं, असू दे. आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत तसाच सरकून बसलो.